सखूने तीनदा सांगितलं होतं

प्रिय शुभांगी,

तुझा फोन मी मुद्दाम उचलत नाही. तू रडशील, मी विरघळेन, आणि प्रसूतिकक्षात एकोणीस वर्षं आपण एकमेकींच्या चुका झाकल्या तशी हीही झाकली जाईल. म्हणून हे पत्र. लिहिताना मला मध्येच कुणी थांबवू शकत नाही.

सखूची लेक बरी आहे. रविवारी माले गावाच्या वर त्यांच्या वाडीवर जाऊन आले. पोर रडते ती आईसारखीच, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी. मी मांडीवर घेऊन बराच वेळ नुसती ऐकत बसले.

गरोदर बायांसाठीच्या माझ्या गुरुवारच्या वर्गाला तू 'नाटक कंपनी' म्हणायचीस. म्हण बाई. पण ट्रेनिंगला तूही होतीस. 'समजलं का?' असं विचारू नका, बाया 'व्हय' म्हणून मोकळ्या होतात. 'आता तू मला सांग' म्हणा, असं तिथे शिकवलं होतं. गरोदर बायांनाही बोलायची सवय लावा म्हणाले होते. म्हणून मी उलटा खेळ काढला. नर्स टेबलावर आडवी, आणि बाई झाली नर्स. पहिल्याच दिवशी सखू पुढे आली, पदर खोचला आणि माझ्यावर खेकसली, "गप पड! बोंबलू नगंस! तवा लाज न्हाई वाटली व्हय?" सगळ्या खो खो हसल्या. तूही हसलीस. मला हसू येईना. तिच्या पहिल्या बाळंतपणात तिला हे बोलणारी मीच होते, शब्द न् शब्द. त्यानंतर काही बिघडलं तरी तिने सांगितलं नाही, तोंडात पदर कोंबून पडून राहिली होती. मुलगा वाचला, म्हणून मला कुणी जाब विचारला नाही. टेबलावर पडल्या पडल्या मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आणि मग तो मंगळवार. दुपारी सखू आली, ड्युटीवर तू. तीन बाया अडलेल्या, तू एकटी, उपाशी, सगळं कबूल. ती म्हणाली, "शिस्टर, सकाळधरनं बाळ हलंना." तू म्हणालीस, होतं असं, पडून राहा. तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा ती व्हरांड्यात येऊन असं ओरडली की लसीकरणाच्या टेबलापर्यंत मला ऐकू आलं. मी पोटाला यंत्र लावलं तर बाळाचे ठोके मंदावलेले. डॉक्टरसाहेब फोनवर म्हणाले, थांबा. मी थांबले नाही, ॲम्ब्युलन्स बोलावली. पिरंगुटच्या ट्रॅफिकमध्ये तिचा हात धरून बसले होते. पुण्यात पोहोचताच तिथल्या डॉक्टरांनी सिझेरियन केलं.

आता साहेबांची नोटीस आली आहे. मी पेशंटना उर्मटपणा शिकवते म्हणे. वर्ग बंद करायचा आणि लेखी माफी मागायची. माफी मागणार नाही. वर्गही बंद केलेला नाही. गेल्या गुरुवारी सुट्टी टाकली आणि समोरच्या एसटी थांब्याच्या शेडमध्ये घेतला. अकरा जणी आल्या. कंडक्टरही उभा राहून ऐकत होता.

नोटिशीला तुझा जबाब जोडला आहे. तुझ्याच सुरेख अक्षरात: 'रुग्णाने बाळाची हालचाल थांबल्याचे सांगितले नाही.' शुभे, तिने तीनदा सांगितलं. तुला ऐकू आलं होतं, हे तुला माहीत आहे आणि मलाही. सोमवारी चौकशी आहे. सखू लेकीला घेऊन येणार आहे. पहिल्यांदा मी उठणार आणि पहिल्या बाळंतपणात तिला गप्प कुणी केलं ते सांगणार. मग ती बोलेल. मग सगळे तुझ्याकडे बघतील. जबाब बदलता येतो, मी विचारून घेतलंय. माझ्या शेजारची खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवते. नाही यायचं तर समोर बस. पण या वेळी तिला कुणी गप्प बस म्हटलं, तर आधी माझ्याशी गाठ आहे.

अजूनही तुझीच,
गौतमी