एसीची मागची बाजू

२ एप्रिल
एसी बसला एकदाचा! जळगावचा उन्हाळा गेला उडत. बाहेरचं युनिट गॅलरीत लावायला सांगितलं. तिथे सासऱ्यांची खाट. सु. पुटपुटला, "आबांना गरम हवा लागेल." वडील त्याचे, पण विचारलं मीच. आबा म्हणाले, "माले सवय शे." मिटलं. भडगावला जन्मभर उन्हात शेती केली, त्यांना काय होतंय?

५ एप्रिल
दुपारी शाल घेऊन झोपले. एप्रिलात शाल! सुख सुख म्हणतात ते हेच. गॅलरीचं दार उघडं राहिलं की गारवा पळतो. आबांना बजावलंय, माठ तिथेच आहे, उगाच आत-बाहेर नको.

११ एप्रिल
मागच्या डाळमिलचा भुसा उडतोय, खिडक्या सगळ्या बंद. मिरच्या भाजल्या. धूर खोलीत नको म्हणून गॅलरीकडचं दार उघडलं. आबा खोकत बसले. घरातलं सगळं वाईट गॅलरीतूनच बाहेर जातं. वाटेत आबा असतात, त्याला मी काय करू? सु. म्हणतो, त्यांना हॉलमध्ये घेऊ. हॉलमध्ये खाट! भिशीच्या बायका कुठे बसवू, खाटेवर?

१९ एप्रिल
भर दुपारी एसी बंद. अंगाची लाही लाही. गॅलरीत जाऊन बघते तर युनिटला ओलं गोणपाट गुंडाळलेलं, वर सुतळी. माठाला बांधतात तसं! आबा म्हणाले, "बिचारं दिनभर तपस, म्हनीसन बांधं." यंत्राची दया येते यांना! मग मी तोंड सोडलं. अक्कल गावाकडेच ठेवून आलात का, इथपर्यंत बोलले. ते खाली मान घालून एकेक गाठ सोडत होते. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर मजा वाटली.

२० एप्रिल
एसी सुरू झाला. माठ आत घेतला. पाणी हाताशी असलं की यांना उद्योग सुचतात. दाराला आतून कडी. तहान लागली की दार वाजवा म्हटलंय. आबा मान हलवून "हा" म्हणाले. कधी नाही म्हणायची सवयच नाही माणसाला.

२४ एप्रिल
आबा पडले. सु. कामावरून आला तेव्हा दाराशीच, बेशुद्ध. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. घरात बसून? सु.ने एकच विचारलं, "दार वाजवलं होतं त्यांनी?" एसीच्या आवाजात काय ऐकू येणार. खरंच नाही ऐकलं. ऐकलं असतं तर मी उठले असते का, ते...

२ मे
आबा दवाखान्यातून घरी. डॉक्टरांनी सांगितलंय, गार खोलीत ठेवा. सु.ने रजा टाकली. त्यांना माझ्या पलंगावर झोपवलं, शेजारी स्वतःची गादी. माझी वळकटी गॅलरीत, खाटेवर. "पावसाळ्यापर्यंत," म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी रडले, म्हटलं, मरेन मी तिथे. आबा उशीवरून हळूच बोलले, "काई नई व्हत माय. सवय हुई जाई."

चेहरा निरखून पाहिला. माया होती की सूड, कळेना.

दुपार. हे गॅलरीत बसून लिहितेय. युनिट तोंडावर फुंकतंय, भुसा डोळ्यात. आतून कडी लागलीय, गारवा पळतो म्हणून. माठ आतच राहिला. मघाशी दार वाजवलं. आता पुन्हा वाजवते.