निशिगंधाचा नंबर

८ जानेवारी
परत एरर! मराठी मंडळाच्या सभासदांची यादी डेटाबेसमध्ये भरायची, साधी पीएचपी स्क्रिप्ट. बायकांची यादी झरझर गेली. पुरुषांच्या यादीत अडली — तीही आमच्याच नवरोबांवर! रितेशची एंट्री घेतच नाही. म्हणे डुप्लिकेट. एक मोबाईल नंबर एकाच नावावर, हा नियम मीच घातलाय.

९ जानेवारी
सापडलं. रितेशचा नंबर आधीच भरलेला आहे — बायकांच्या यादीत! नाव निशिगंधा. नुसतंच निशिगंधा, आडनाव नाही.
कोण ही बया? माझ्या नवऱ्याचा नंबर हिच्या नावापुढे कशाला?

१० जानेवारी
रितेशला विचारलं. "हौ, दूसरी बीबी है मेरी," असं इथल्या हिंदीत म्हणून हसला. अंगाचा नुसता तिळपापड! मग म्हणे, "अगं, खरंच माहीत नाही." पण हसला का?
मंडळाचे सेक्रेटरी एकनाथराव फोनवर म्हणाले, "ती यादी बायकांनी केलीय, सूनबाई. पण नाव ऐकून आहे बुवा. दर संक्रांतीला येणार, येणार म्हणतात." म्हणजे सगळ्यांना माहीत, मी सोडून!

११ जानेवारी
बेगम बाजारात तीळ घेताना रितेश फोन आला म्हणून बाजूला गेला. ऑफिसचा होता म्हणे. जळफळाट झाला नुसता. ती लांब केसांची असेल. तिला नऊवारी नेसता येत असेल. सारखी तिची ओळ उघडून बघते. डिलीट करू? बोट कीबोर्डवर होतं.

१२ जानेवारी
जेवताना भडकलेच — "ही निशिगंधा कोण, ते आज कळलंच पाहिजे!"
सासूबाईंचा घास हातातच राहिला. "तूच गं," म्हणाल्या.
लग्नात तांदळाच्या ताटात सुनेचं नवं नाव लिहितात ना, त्यांनी निशिगंधा ठरवलं होतं. मी मांडवातच सांगितलं — मी प्रियदर्शिनीच राहणार. त्यांनी काय ठरवलंय ते विचारलंसुद्धा नाही.
"मंडळात मग मी तेच लिहून आले. दर संक्रांतीला सांगते, येणार म्हणून. तू तर कधी येत नाहीस. तुझा नंबर मला पाठ नाही, रितेशचा आहे."
ते नाव घेताना चेहरा काय खुलला त्यांचा! माझं नाव घेताना कधी नाही खुलत. रितेशवरचा राग गेला. पण त्या निशिगंधेवर अजून जळतेय मी!

१३ जानेवारी
निशिगंधापुढचा रितेशचा नंबर काढून माझा टाकला. स्क्रिप्ट चालवली. सगळ्या एंट्र्या गेल्या.
सासूबाईंना म्हटलं, "रविवारी हळदीकुंकवाला निशिगंधा येतेय. नऊवारी तुम्ही नेसवा."