दोघांचा अबोला आणि मधली मी

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा तेच! माझ्या डाव्या हाताला गौरव, उजव्या हाताला सत्यम, मध्ये मी. टेबल एकच. आणि गौरव म्हणतो, "सारिका, सत्यमला सांग, पैसे भरायचं पान फार हळू उघडतंय." अरे, सत्यम ऐकतोय की! काय बहिरा आहे का तो? पण नाही. मी मान वळवायची आणि म्हणायचं, "सत्यम, पैसे भरायचं पान हळू उघडतंय म्हणे." तो स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणणार, "त्याला सांग, आधी स्वतःचं कॅलेंडर उघडतंय का बघ." मग मी परत डावीकडं.

इनमीन तीन डेव्हलपर. लोणावळ्यातले बंगले सुट्टीसाठी भाड्यानं देणारं ॲप. तारखा गौरवच्या, पैसे सत्यमचे, लोकांना दिसतं ते सगळं माझं — आणि तपासणीही माझ्याच गळ्यात. त्यात आता टपालही मीच वाटायचं. संध्याकाळी मान खरोखरच दुखत होती.

५ नोव्हेंबर, बुधवार

अबोल्याचं मूळ आज कैलासभाऊंकडून कळलं, या दोघांना विचारून काही उपयोग नव्हता. कंपनी त्यांची. स्वतःचे तीन बंगले आहेत, त्यावरून ॲप सुचलं. मी जुलैत लागले तेव्हा हे दोघं चांगले गळ्यात गळे घालून फिरायचे. गणपतीत सत्यम बेडशाला घरी गेला, परत येऊन बघतो तर त्याचं दोन आठवड्यांचं काम गायब! गौरवनं सगळं पुसून आपल्या पद्धतीनं नवं लिहिलं. वर काय म्हणाला, तर "कचरा होता, झाडून काढला."

चुकलं गौरवचं. शंभर टक्के चुकलं. पण सत्यमनं तरी काय करावं? भांडावं, ओरडावं, चार शिव्या द्याव्यात! ते नाही. गौरवचा नंबर ब्लॉक केला, ग्रुपमधून बाहेर पडला आणि तोंड शिवून बसला. दिवाळी झाली तरी शिवण उसवत नाही.

मी म्हटलं, "भाऊ, दोघांना एकदा समोरासमोर बसवा." तर म्हणाले, "बळंच बसवून कुणी बोलतं का गं? निवळेल आपोआप. तू आहेस ना मध्ये, सांभाळून घे."

१० नोव्हेंबर, सोमवार

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माझे सहा महिने भरतात. मग कायमचं पत्र, नाहीतर नारळ.

मला ही नोकरी हवीय. इथं लिहायला काय हरकत आहे, मला ती फार फार हवीय. चिंगीसाठी हिंजवडीची सोडली, दोन वर्षं घरी बसले, नंतर जिथं जाईन तिथं एकच प्रश्न — मधली दोन वर्षं काय करत होतात? जसं काही तुरुंगातून सुटून आले होते. कैलासभाऊ एकटे असे, की ज्यांनी विचारलं नाही. आणि औंढ्याहून स्कूटीवर दहा मिनिटांत ऑफिस! असं परत कुठं मिळणार? ही गेली तर मी आता घरीच. मला माहीत आहे.

सासूबाईंचं आज परत सुरू. "पोरगी दिसभर आई आई करती. तितं काय दिवे लावती गं तू?" काय सांगू त्यांना? दोन घोड्यांचे निरोप पोचवते म्हणून सांगू? राजेंद्र तळेगावहून शिफ्ट करून आला, म्हणाला, "एवढा त्रास होत असेल तर सोड ना." प्रेमानं म्हणाला. त्याचाच जास्त राग आला. म्हणून घरी आता काही बोलत नाही, इथं लिहिते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचे निरोप मोजले नाहीत. मोजले असते तर रडले असते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ठरवलं होतं, आता सगळं लेखी. नवा ग्रुप काढला, दोघांना घेतलं, कुणी काय करायचं ते सकाळीच टाकलं. दुपारपर्यंत सत्यम ग्रुपमधून बाहेर. गौरव म्हणतो, "पाळत ठेवतेस का आमच्यावर?"

संध्याकाळी भाऊंचं बोलावणं. "सारिका, हे लेखी-बिखी नको गं. आपण घरातली माणसं. उद्या कोर्टात जायचंय का कुणाला? तोंडानं बोलायचं." अहो भाऊ, तोंडानंच तर बोलत नाहीत! हे मी मनात म्हटलं. जानेवारी आठवला आणि ग्रुप पुसून टाकला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

थालीपीठं नेली. म्हटलं, पोटातून काही जमतंय का बघू. दोघांनीही खाल्ली, आवडीनं खाल्ली. एक टेबलाच्या या टोकाला, एक त्या टोकाला. आणि मग गौरव म्हणतो, "सारिका, त्याला सांग, लोणचं इकडं सरकव."

लोणच्याची बरणी मीच उचलून दिली. हसायला आलं, मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

२ डिसेंबर, मंगळवार

आजचं नीट लिहून ठेवते.

आपल्याकडं बंगला शब्दावर धरायची पद्धत. फोन करायचा, "भाऊ, एकतीसला आमच्यासाठी ठेवा," की मालक दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवतो, कुणाला देत नाही. ॲपमध्येही तसंच केलंय. तारीख धरली की पूर्ण दिवस ती तुमची, तेवढ्या वेळात आगाऊ पैसे भरायचे. गौरव म्हणाला, "एकतीस डिसेंबरची गर्दी बघता हे परवडणार नाही. धरलेली तारीख मी दोन तासांत सोडतोय. सत्यमला सांग, तुझ्याकडंही दोनच तास कर. नाहीतर तारीख जाईल दुसऱ्याला आणि हा पहिल्याचे पैसे घेत बसेल."

मी सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, शब्द न् शब्द. सत्यम म्हणाला, "त्याला सांग, लिहून दे. उद्या म्हणेल, मी बोललोच नव्हतो." गौरव म्हणाला, "त्याला सांग, कोड समोर आहे, वाच. वाचता येतं ना?" आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना!

निघताना सत्यमच्या खुर्चीपाशी जाऊन मी परत म्हटलं, "अरे, ते दोन तासांचं करशील ना?" तो वैतागला. "ऐकलंय गं. किती वेळा सांगशील?" गौरव तेव्हा तिथंच बॅग आवरत होता.

९ डिसेंबर, मंगळवार

भांडणापासून दोघांनी तपासणीसाठी आपापली वेगळी मांडणी केलीय. गौरवच्या मशीनवर सत्यमचं काम नाही, सत्यमच्या मशीनवर गौरवचं नवं काम नाही. एकाच घरात दोन चुली!

मी म्हटलं, लोकांना देण्याआधी एकदा तरी दोन्ही एकत्र चालवून बघू या. गौरव — "त्याचं माझ्या मशीनवर नको." सत्यम — "एकदा पुसलंय त्यानं. परत देऊ त्याच्या हातात?" मग मी वेगवेगळं तपासलं. इकडं चाललं. तिकडंही चाललं. सत्यमनं पैशांच्या बाजूला दोन तास केलेत की नाही, ते त्याच्या मशीनवर मला दिसणारच नव्हतं, कारण तिथं कॅलेंडर अजून जुनंच, पूर्ण दिवसाचं.

भाऊंकडं गेले. "भाऊ, एकत्र चालवल्याशिवाय सोडू नका." ते म्हणाले, "दोन्हीकडं चालतंय ना?" मी म्हटलं, "वेगवेगळं चालतंय." "मग झालं तर! आता अजून उशीर परवडायचा नाही."

१५ डिसेंबर, सोमवार

येताना स्कूटीवरच रडले. हेल्मेटचा हा एक फायदा.

मी वाईट काम करत नाही. माझी पानं लोकांना आवडतात, बंगलेवाले तसं सांगतात. पण दिवस संपतो तेव्हा माझं स्वतःचं काहीच झालेलं नसतं. याचं त्याला, त्याचं याला. रागही दोघांचा माझ्यावरच निघतो, कारण दोघंही बोलतात ते फक्त माझ्याशी! तोंड दाबून बुक्क्यांचा मार. सकाळी टायरच्या दुकानाशेजारचा ऑफिसचा तो जिना दिसला की मी स्कूटी लावायलाच वेळ काढते. आज जिन्यात उभी राहून विचार केला, असंच मागं फिरावं का? फिरले नाही. वर गेले. गौरव म्हणाला, "बरं झालं आलीस, सत्यमला सांग..."

२४ डिसेंबर, बुधवार

ॲप गेल्या गुरुवारी सुरू झालं. नाताळचे बंगले आधीच भरलेले, सगळी झुंबड एकतीसवर. भाऊंनी पेढे वाटले. गौरवचा पेढा गौरवला, सत्यमचा सत्यमला. मला वाटलं, म्हणतील, सत्यमला दे. पण भाऊंनी स्वतःच दिला.

१ जानेवारी, गुरुवार

काल दुपारी हनुमंतमामांचा फोन आला. सासूबाईंचे चुलतभाऊ, औंढ्यातल्याच एका बंगल्याची राखण करतात. "पोरी, हितं दोन येगळी मान्सं आल्यात. दोगांकडं बी पावती हाय. कुनाला आत घिऊ?"

मी सत्यमकडं बघितलं. तेवढ्यात ऑफिसचा फोन, मग भाऊंचा, मग परत माझा. बंगल्या-बंगल्यावर दोन-दोन कुटुंबं. मुंबईहून चार तास रांगेत अडकून आलेली माणसं, बरोबर पोरं, म्हातारी माणसं, आणि आत आधीच कुणीतरी. तारखा दोन तासांत सुटल्या आणि पैसे दिवसभर घेतले गेले. सत्यमनं बदल केलाच नव्हता!

आणि तेव्हासुद्धा, तेव्हासुद्धा — "सारिका, त्याला विचार, त्याच्याकडं किती वेळ लावलाय." "त्याला सांग, एक दिवस." "त्याला सांग, मी दोन तास म्हटलं होतं." मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात ओरडले. "स्वतः बोला की रे एकदा! लोक रस्त्यावर उभे आहेत!" दोघं स्क्रीनकडं बघत राहिले.

मामांना फोन केला तर म्हणाले, "काय न्हाई गं, मिटलं समदं." घरी आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं. गेट उघडलं नाही म्हणून एकानं मामांच्या कानाखाली वाजवली. साठीच्या माणसाला! "तुज्या त्या ॲपपायी मार खाल्ला त्येनं," सासूबाई म्हणाल्या, आणि माझं ताट वाढायला उठल्या. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. सकाळी मामांकडं जाऊन आले. त्यांनी चहा केला. मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

२ जानेवारी, शुक्रवार

सगळं बंद. बंगलेवाले एकेक करून सोडून चाललेत. भाऊंचा चेहरा उतरलाय. म्हणाले, "सोमवारी तिघं केबिनमध्ये या. कुणामुळं झालं ते एकदा कळू दे. ज्याच्यामुळं झालं, तो इथं राहणार नाही."

मला भीती नाही वाटत. खरंच नाही. मी झालं ते सांगणार. गौरवनं सांगितलं, मी सांगितलं, सत्यमनं ऐकलं. दोघंही समोर होते, खोटं कसं बोलतील? शिवाय मला एक वेडी आशा वाटतेय. एवढा दणका बसल्यावर तरी हे दोघं एकमेकांशी बोलतील. भांडोत हवे तर! एकदा बोलले ना, की मी सगळं विसरायला तयार आहे. मामांना जाऊन सांगेन, आता परत असं होणार नाही.

४ जानेवारी, रविवार

उद्या. चिंगीनं विचारलं, "आई, तुझी परीक्षा आहे?" व्हय बाई, म्हटलं, आहे.

५ जानेवारी, सोमवार

बोलले! गौरव आणि सत्यम आज एकमेकांशी बोलले. भाऊंच्या केबिनमध्ये, माझ्यासमोर. गौरव म्हणाला, "सत्या, तुला दोन तासांचा निरोप मिळाला होता का रे?" सत्यम म्हणाला, "नाही रे. तू कुणाकडं दिला होतास?" आणि दोघांनी माझ्याकडं बघितलं.

आत्ता दोघं खाली चहाला गेलेत. मी सामान आवरतेय.