शिडीचं ठरल्याशिवाय पेढा नाही

याडी, माय माझी, पहिले आली ती शेठाची बायको, हातात पेढ्याचा डब्बा घेऊन. शेठ मागून आला, गाडी लावायले तांड्यात सावली पाहत होता. शेजारणी हातातली भांडी टाकून माझ्या ओट्यावर येऊन बसल्या, त्याइले तर असं काही पाह्यजेच असते. तुझी पणती, माझ्या लेकाची पोरगी, सतरा वर्षांची झाली, आर्णीले याच शेठाच्या किराणा दुकानात कामाले जाते. मागच्या आठवड्यात माळ्यावरून तेलाचा पिपा काढतानी शिडी सरकली. पिपा बाजूले पडला अन् ही खाली. मनगट सुजलं, तेवढ्यावर निभावलं. पिपा डोक्यात पडला असता तर? हे मनात येते अन् भाकर थापता थापता माझा हात थांबते.

मी एकदा कापसाचं गाठोडं एकटीनंच उचललं होतं तर तू चुलीपासून उठून आलतीस, पाठीत धपाटा घातलास. "एकीनं उचलायचं, दुसरीनं धरायचं. तू काय बैल हायेस?" बैलांवर मीठ लादून फिरणाऱ्या घरची तू, तुले ओझं समजे. त्या दुकानात शिडी धरायलेही कोणी नव्हतं.

शेठाच्या बायकोनं पेढा माझ्या हातावर ठेवला. "आजी, तोंड गोड करा अन् पोरीले उद्यापासून पाठवा. दिवाळीची गर्दी हाये." आता आपल्या तांड्यात चार बायांसमोर गोड खाल्लं म्हणजे शब्द दिला, मंग फिरवता येत नाही. तिले बिचारीले काय माहीत! शेजारणी माझ्या हाताकडं पाहून राह्यल्या. पोरगी दारात, मनगटाले पट्टी. तिले काम सोडायचं नाही, गिऱ्हाइकं तिलेच हाक मारते. पण पुन्हा त्या शिडीवर?

मी म्हटलं, "पहिले शिडीचं बोला."

शेठ हसला. "सगळेच चढतात, आजी. तरणी पोरं हायेत."

दारातून पोरगी बोलली, "तुमची पोरगी चढते का, शेठ?"

शेठाचं तोंड लाल झालं. मले वाटलं, गेलं काम. पेढा हातात नरम पडून राह्यला होता. मंग शेठाची बायकोच नवऱ्याले म्हणाली, "सांगा ना. आपलीले तर तुम्ही स्टुलावरही चढू देत नाही."

शेठानं टोपी काढून घाम पुसला. "बरं. शिडी भिंतीले पक्की ठोकतो. वरचं सामान मोठी माणसं काढतील, पोरगी खालीच राहील."

"ठोका. मी येऊन हलवून पाहीन, मंग खाईन," म्हटलं, अन् पेढा डब्ब्यात परत ठेवला. शेजारणी अशा हसल्या की शेठालेही हसू आलं. याडी, अंगात आनंद मावून नाही राह्यला! आपल्या पोरीले बोलता येते.

हे लिहिलेलं कुठं पाठवू, तू तर कवाचीच गेलीस? तुले वाचता येत नव्हतं, मलेही जेमतेमच. एक सांगते, कोणाले बोलू नको. सगळे उठल्यावर बोटाले लागलेला पेढा मी आत जाऊन चाटला. तेवढ्यानं शब्द दिला असं होत नाही ना? शिडी ठोकून बुधवारी मले न्यायले येतो म्हणाले दोघं नवरा-बायको.