बिनमुंडक्याचा कोंबडा

बाबा, आज दुपारी काका दुकानात आले होते. तुमचे भागीदार, तुमच्यामागे मला शिकवणारे, कन्यादानाला तुमच्या जागी बसलेले काका. पिशवीतून त्यांनी जुने घडीचे चाकू काउंटरवर ओतले. "माझी हेंद्रेपाड्याची खोली खाली करतोय गं. बघ ना, किती येतात याचे. मला तर सगळे सेम टू सेम दिसतात." खरंच दिसतात त्यांना. कॅम्प तीनच्या या गाळ्यात गिऱ्हाईक बोलण्यात गुंतवायचं काम त्यांचं, आणि पातं उघडून मुठीजवळचा छाप वाचायचं तुमचं.

तुम्ही शिकवलंत तसंच मी एकेक उघडत गेले. आधी छाप, मग पातं, मूठ शेवटी. ठोकलेला छाप नखाला लागतो, ॲसिडने उठवलेला वरवरचा असतो. पातं झिजलेलं आणि छाप मात्र कोरा करकरीत असेल, तर आधी विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. तळाचा चाकू बाहेरून इतर काळ्या मुठींसारखाच होता. उघडला आणि छापावरून नख फिरवलं. छापात कोंबड्याची शेपूट आणि एक पाय. मुंडकं नाही.

ते मुंडकं मीच घासलं होतं. शाळेतून आले, म्हटलं बाबांचा माल चकचकीत करू, आणि पॉलिशपेपर घेऊन बसले. तुम्ही पेपर हिसकावून घेता. "अगं येडे, छाप गेला की चाकूचं नाव गेलं! आता कोण ओळखणार याला?" मग माझं रडू बघून तुम्हालाच हसू येतं, "कापलास की गं कोंबडा!" आणि विकता न येणारा तो चाकू तुम्ही स्वतःच्या खिशात टाकता. तो कायमचा तिथेच राहिला. अंबरनाथला माल बघायला निघालात त्या सकाळीही त्यानेच माझ्या जीन्सचा लोंबणारा दोरा कापलात.

वालधुनी नदीच्या पुलाखाली तुम्ही सापडलात, तेव्हा घड्याळ होतं, चष्मा होता, चाकू नव्हता. काका पोलिसांना म्हणाले, "मी तर दिवसभर बदलापुरातच होतो, साहेब." आणि मला जवळ घेऊन, "चाकू गेला असेल गं पाण्यात."

"हा कुठला, काका?" आज मी विचारलं.

"जुन्या मालातला असेल. का, भारी आहे काय?"

"छाप अर्धाच आहे. नीट बघावा लागेल. ठेवून जा."

त्यांनी छापावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "उद्या येतो न्यायला," म्हणाले, आणि निघताना नेहमीसारखा माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाबा, त्या हाताची मला आजवर कधी भीती वाटली नव्हती.

चाकू समोर आहे. सांध्यात काळपट काहीतरी साचलंय, गंजच असेल. पोलीस चौकी पुढच्याच गल्लीत आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून तुम्हाला सांगते. मघाशी मी खणातून पॉलिशपेपर काढला. उरलेला कोंबडा घासायला फार वेळ लागणार नाही. पेपर अजून माझ्या हातातच आहे.