लवकर भरणारा टॉर्च

२ नोव्हेंबर, रविवार. राबिघ

नवी नोकरी, नवं गाव, म्हणून नवी वही. अल खफजीला होतो तेव्हा महिन्यातला अर्धा काळ समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर जायचा आणि उरलेला अर्धा जमिनीवर डोलण्यात. आता समुद्र नुसता लांबून बघायचा. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नव्या कफीलच्या, मालकाच्या नावावर विनातक्रार झाला. इतकं सरळ काही झालं की मला धास्तीच वाटते, पण आज नाही. आज खुश आहे.

कंपनी पोलिसांना आणि सुरक्षा रक्षकांना लागणारं सामान पुरवते. बूट, जाकिटं, हातकड्या, टॉर्च. आलेला माल वापरून बघायचा आणि त्याबद्दल लिहायचं, हे माझं काम. गोदाम गावाबाहेर आहे आणि त्याच्याच वर आमची खोली. खिडकीतून रिफायनरीची ज्योत दिसते. खोलीतला जोडीदार हरीश अकोल्याचा, चार्जर आणि सर्किटं दुरुस्त करणारा. हा माणूस उठल्या उठल्या दोरीवरच्या उड्या मारतो, बघूनच मला घाम फुटला. मला त्याने आल्याआल्या सांगितलं की स्वयंपाक त्याचा, चिराचिरी माझी, आणि ठेचा तिखट लागला तर बोंब मारायची नाही.

श्रीवर्धनला घरी फोन केला. बायको, आलिमा, म्हणाली, आवाज बऱ्याच दिवसांनी माणसासारखा येतोय. लेकीला, सानियाला, एवढंच हवं होतं की मी तिच्यासाठी काय पाठवणार.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पहिलं काम हातात पडलं. पोलिसांसाठीचा टॉर्च, झटपट चार्ज होणारा. मुदीरने, म्हणजे आमच्या मॅनेजरने, दोन नमुने टेबलावर ठेवले आणि म्हणाला, जुनैद, वापर आणि पहिल्यांदा काय वाटलं ते लिही. मालाचा कंटेनर आधीच जहाजावर चढलाय. म्हणजे लग्न लागल्यावर मुलगी पसंत आहे का विचारण्यातलाच प्रकार. असो, पगार त्याचाच मिळतो.

तर पहिलं मत. मुठीत छान बसतो. अंग खरखरीत, घामेजलेल्या हातातूनही सुटत नाही. तोंडाला दाते आहेत, वेळ पडली तर गाडीची काच फोडायला. बटण मागच्या बाजूला, अंगठ्याखाली. ते दोनदा दाबलं की उजेड असा लपलपतो की समोरच्याने डोळे झाकलेच पाहिजेत. हरीशवर करून बघितलं. तो जे बोलला ते अहवालात घालता येणार नाही. गोदामात एक बिनखिडकीची खोली आहे, तिथे भर दुपारी दार लावून तपासलं. पार टोकाच्या खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचता आली.

आणि त्याआधीचं चार्जिंग तर विचारू नका. नवा माल रिकामा येतो, म्हणून केबल लावून हरीशच्या टेबलावर ठेवला. जेवण झालेलं, तो तिथेच हातावर डोकं ठेवून कलंडला. मी चहा करून आणतो तोवर टॉर्चवरचा लाल दिवा हिरवा! इतकी वर्षं असला माल हाताळतोय, पण हे पाहिलं नव्हतं. आणखी एक गोष्ट. लवकर भरणारी वस्तू तापते, हा मात्र माठासारखा गार होता.

हरीशला चहासाठी बराच वेळ हलवावं लागलं. अहवालात 'उत्कृष्ट' लिहून टाकलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मुदीर अहवालावर खुश. नमुने परत जात नाहीत, एक तुझा, खलास, म्हणाला. मला लगेच सानियाच आठवली. मगरीबनंतर, अंधार पडता पडता, ती मदरशातून घरी येते ती सुपारीच्या वाडीतून, आणि तिथल्या खांबावरचा दिवा पावसाळ्यापासून मेलेला. पाचोळ्यात काय वळवळत असेल सांगता येत नाही. आलिमा रोज दारात उभी असते.

गुणाजी उद्या सुट्टीवर निघतोय. तो इथे ट्रेलर चालवतो, आणि त्याचं घर आमच्यापासून दोन वाड्या सोडून. इथून कोणी गावी निघाला की त्याची बॅग त्याची राहत नाही. दुधाची पावडर, खजूर, डोकेदुखीचं तेल, सगळ्यांचं सगळं. वर माझा टॉर्च. गुणाजी म्हणाला, आता मला विमानाच्या टपावर बसव. पण घेतला. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात, आणि गल्फची बॅटरी घरात असणं हा जुना मान आहे.

आज पाय फार भरून आलेत. इमारतीला एकच जिना, तरी मध्ये थांबलो.

१० नोव्हेंबर, सोमवार

पोहोचला! व्हिडिओवर सानिया टॉर्च पोलिसासारखा खांद्याशी धरून अंगणभर फिरत होती. कोंबड्या, मांजर, शेजारच्या आमिनाभाभी, कोणालाच सोडलं नाही. पप्पा, इट नेव्हर गेट्स ओव्हर, म्हणाली. आलिमा म्हणाली, चार्ज करायची गरजच पडत नाही, उशाशी घेऊन झोपते आणि सकाळी हिरवा दिवा असतोच. मला फार बरं वाटलं. इतक्या लांबून बापाला एवढंच करता येतं.

इकडचा टॉर्च मात्र चक्रम निघाला. शुक्रवारी रिकामा करून गोदामात केबलला लावला आणि कुलूप घातलं. काल सकाळी उघडतो तर तसाच लाल, जराही भरलेला नाही. केबल चांगली, वीज चालू. तोच टॉर्च हरीशच्या टेबलावर ठेवला आणि दुपारच्या डुलकीत भरला. हरीश म्हणाला, याला माझा लळा लागलाय.

उड्या बंद झाल्यात त्याच्या. स्वयंपाकही नाही. दोघांनी डब्यातला राजमा खुब्जबरोबर, इथल्या रोटीबरोबर खाल्ला आणि ताटं तशीच ठेवून आडवे झालो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हरीशला दवाखान्यात नेलं. रक्त ठीक, दाब ठीक. डॉक्टरांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या आणि पाणी पी म्हणाले. बाहेर बाकावर बसलेले सगळे तसलेच, माना टाकलेले. इथे दमलेला माणूस कोणाच्या नजरेत येणार? सगळेच दमलेत. मी स्वतः अकरा वर्षं दमलेलो आहे, मला तरी काय कळणार.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आज वायरिंगच्या कामासाठी सकाळपासून गोदामाची वीज बंद होती. हरीश खोक्यांना टेकून झोपला होता आणि टॉर्च त्याच्या मांडीशी पडला होता. केबल नाही. रिकामा होता, मीच रिकामा केला होता. हरीशला उठवायला गेलो तेव्हा दिवा हिरवा होता.

हरीशच्या पाठीला हात लावला. गार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

करून बघितलं. न बघता राहवेना.

जुम्म्याची नमाज पढून आलो, टॉर्च पूर्ण रिकामा केला आणि केबल कपाटात कोंबली. खोलीत लख्ख ऊन होतं. टॉर्च छातीवर ठेवून पडलो, जागं राहायचं ठरवून. डोळा कधी लागला कळलं नाही. असरच्या, दुपार कलतानाच्या अजानने जाग आली. छातीवर हिरवा दिवा.

मूठ वळेना. पाण्याची बाटली उघडायला दात लावले.

मग सानिया आठवली. उशाशी घेऊन झोपते.

फोन केला. आलिमा म्हणाली, झोपलीय. शाळेतून आली की झोपतेच हल्ली. वर्गातही झोपते म्हणून बाईंनी बोलावलं होतं. वाढीचं वय आहे. मी ओरडलो की तो टॉर्च आत्ताच्या आत्ता घराबाहेर काढ. ती आधी हसली, मग चिडली. तूच हौसेने पाठवलास, आता पोर रडून घर डोक्यावर घेईल. शेवटी कपाटात ठेवते म्हणाली. बोलताना दोनदा जांभई दिली तिने.

कपाट कुठे आहे मला माहीत आहे. त्यांच्या खाटेला लागून.

मला फार भीती वाटतेय. या वयात हे लिहायची लाज वाटते, पण वाटतेय.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी हरीश उठला नाही. श्वास आहे, डोळे अर्धवट उघडे, हाक ऐकू जात नाही. अँब्युलन्स आली. दवाखान्यातल्या कीर्ती सिस्टर, सांगलीच्या, हळूच म्हणाल्या की आजार काही सापडत नाही, नुसता झोपलाय.

मुदीरला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, तू थकलायस. सुट्टी मागितली. माल उतरू दे, मग यल्ला, घरी जा म्हणाला.

टॉर्चवर हातोडा घालायचा होता. हातोडा उचलला जाईना. गोणीत घालून ओढत नेला आणि कचऱ्याच्या ट्रकवर टाकायला लावला. गेला. परत आल्यावर जिन्यातच बसलो, कितीतरी वेळ.

आलिमाला सांगितलं, विहिरीत टाक. हो, म्हणाली. जरा बसते, मग उठते आणि टाकते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कंटेनर आला. खोक्यांवर खोकी, गोदामाच्या छतापर्यंत. छत म्हणजे आमची जमीन.

नवा माल रिकामा येतो.

उतरवणारी माणसं खोक्यांवरच झोपलीत. दुपार आहे, बाहेर ऊन आहे, आणि खालून एकही आवाज नाही. मुदीर खुर्चीत. मान मागे पडलेली.

जमिनीच्या फटीतून खाली पाहिलं. खोक्यांच्या आत कुठेतरी हिरवं —

एक्झिट-रीएंट्री, सुट्टीवर जाऊन यायची परवानगी, मिळाली आहे. तिकीट उद्याचं. जेद्दाहच्या विमानतळावर पोहोचलं पाहिजे, एवढंच.

१९ नोव्हेंबर

टॅक्सी आली. हॉर्न वाजतोय. बॅग दाराशी आहे. मी खाटेवर आहे. उठतो म्हणतो आणि —

ड्रायव्हर वर आला. चांगला माणूस. मला उठवायला हात दिला, मग म्हणाला दोन मिनिटं बसतो, जिना फार आहे. हरीशच्या खाटेवर बसला.

अजून तिथेच आहे. झोपलाय. विमान गेलं.

आलिमा फोन उचलत नाही. आमिनाभाभींना लावला. त्या फोन कानाला लावूनच गेल्या. म्हणाल्या, दार उघडं आहे, चूल थंड, दोघी झोपल्यात, अजून उजेड आहे बाहेर आणि यांची झोप बघा. कपाटाच्या फटीतून काय पांढरा प्रकाश येतोय हो. म्हटलं, भाभी, सानियाला उचला, आधी बाहेर न्या. हो हो, म्हणाल्या. पोर जड झालीय. जरा टेकते —

मग काही नाही. फोन चालूच होता. तीन श्वास ऐकू येत होते. एक लहान. त्याच्यात फार अंतर पडत होतं —

२०

गुणाजीला फोन लागला. अल्लाह, लागला.

निघतोय म्हणाला, मोटरसायकलने. बॅटरी विहिरीत टाकतो, काळजी नको. आवाज ताजा होता त्याचा. तो पोहोचेल. म्हणाला, जुनैद, तू झोप आता.

ठेवल्यावर आठवलं — सांगायचं राहिलं —

आत बसू नकोस. कितीही वाटलं तरी. उंबऱ्यावरसुद्धा नको. कपाट नंतर, सानिया आधी —

फोन हातात आहे. त्याचं नाव समोर आहे. नुसता अंगठा —

करतो. लगेच करतो. जरा टेकतो, दोनच मिनिटं, मग