चार चौकोन आणि दादाची कवळी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, धंदा दातांच्या कवळ्या तयार करणे, पूर्ण शुद्धीवर असताना आणि चांगलीच वैतागलेली असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. वैतागाला दाखल्याची गरज नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणून पाहिलेले लोक अजून तोंड पाडून फिरत आहेत.

कलम १. माझे राहते घर, म्हणजे तळमजल्यावरची कामाची खोली, वरच्या दोन खोल्या आणि गळका माळा, माझ्या भाचीला मिळावे. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, वारली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, तेव्हापासून माझ्याकडे आहे. गेली सोळा वर्षे माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून काम करते. आमच्या चर्चच्या मिशन कमिटीने हे घर मागितले आहे आणि बदल्यात दारावर माझ्या नावाची पाटी लावायची तयारी दाखवली आहे. पाटी नको. दारावर 'कवळ्या करून मिळतील' अशी पाटी आहे, ती पुरे.

कलम २. बँकेत असेल त्यातून माझे दफन साधेपणाने करावे, उरेल ते भाचीचे. आईचे कपाट ज्याला उचलता येईल त्याने न्यावे. त्याचे दार लागत नाही, हे मी चाळीस वर्षे सांगते आहे.

कलम ३. कमिटीचे सेक्रेटरी. यांना मालमत्तेतून काही नाही, पण एक काम बाकी आहे. त्यांची खालची कवळी अकरा वर्षे ढिली आहे आणि प्रार्थनेत खडखडते. ते दर वर्षी येतात, मी दर वर्षी "वय झालं की असंच होतं हो" म्हणून वाटेला लावते. काम अर्ध्या तासाचे आहे. मुद्दाम वाईट ठेवलेले माझ्या हातचे हे एकच काम.

कारण असे. माझा दादा मिशनरी म्हणून परदेशी गेला, त्याला बेचाळीस वर्षे झाली. दोन वर्षांनी मीही अर्ज केला. अर्जावर घरच्या वडीलधाऱ्यांची सही लागते. आई म्हणाली, "एक लेकरू दिलं देवाला. सगळी त्यालाच का?" आणि अर्ज पिठाच्या डब्याखाली सारला. तिथेच मुदत संपली. सेक्रेटरी तेव्हा तरणेताठे होते. मला म्हणाले, "सही नाही म्हणजे देवाची इच्छा नाही, ताई." देवाची इच्छा आमच्या पिठाच्या डब्याखाली असते, हे मला तेव्हा कळले. असो. भाचीने त्यांची कवळी माझ्या दफनाआधी घट्ट बसवून द्यावी. माझ्याविषयी तेच बोलणार, निदान स्पष्ट तरी बोलोत.

कलम ४. दादाच्या जबड्याचे प्लॅस्टरचे साचे खिडकीजवळच्या फळीवर आहेत. एकतीस वर्षांत त्याने माझ्या सात कवळ्यांची वाट लावली. एक विहिरीत पडली, एक कुत्र्याने पळवली, दोनवर तो स्वतः बसला, आणि एक कोणा म्हातारीला लेकीच्या लग्नात फोटोपुरती उसनी दिली ती परत आली नाही. उरलेल्यांचे काय झाले ते तो सांगत नाही. दर वेळी पत्र येते, 'ताबडतोब पाठव, उपदेश अडलाय.' मी हातातली कामे सारून कवळी करते, पार्सल करते, आणि चर्चमध्ये कौतुक दादाचे.

मागच्या वर्षी चर्चमध्ये सहा रविवार वर्ग झाला, 'जगभरच्या मिशनकार्यात माझी भूमिका'. शेवटी फॉर्म. त्यात चार चौकोन: जाणारे, पाठवणारे, प्रार्थना करणारे, स्वागत करणारे. मी चारही कोरे सोडले आणि खाली लिहिले, 'कवळी'. सेक्रेटरी फॉर्म घेऊन घरी आले.

"ताई, एका तरी चौकोनात खूण हवी."

"मग पाठवणारे धरा. एकतीस वर्षं पार्सलं पाठवतेय."

"पार्सल पाठवून कोणी पाठवणारा होत नाही. माणूस पाठवावं लागतं."

मी फॉर्म त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि दार लावले.

त्याच महिन्यात दादाचे पत्र आले. सही झाल्यावर समासात त्याने लिहिले होते की तिथली मंडळी दर रविवारी 'दात करणाऱ्या बहिणीसाठी' प्रार्थना करतात, अगदी पहिल्या कवळीपासून. आणि तिथल्या चाळीसेक म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात एकही दात नाही. एकतीस वर्षांनी सांगतो, तेही समासात! मी पत्र टेबलावर आपटले आणि मग बराच वेळ रडले.

भाचीने पत्र दोनदा वाचले. "मावशी, आपण एकट्या मामाचेच दात करतो. त्या चाळीस जणांचं काय?" आठवड्याने तिने स्वतःचा अर्ज माझ्यापुढे ठेवला. वडीलधाऱ्यांच्या सहीची जागा रिकामी होती. तिचे वय चौतीस. माझेही तेव्हा तेवढेच होते.

मी म्हटले, बघू. आणि अर्ज दादाच्या साच्याखाली ठेवला. चौदा महिने तो तिथेच आहे. ती रोज फळी पुसते, साचा उचलते, अर्जावरची धूळ झटकते आणि साचा परत ठेवते. आईवर मी चाळीस वर्षे दात खाल्ले आणि शेवटी केले तेच, फक्त पिठाऐवजी प्लॅस्टर. मला एकटे राहायची भीती वाटते. एवढेच कारण आहे, दुसरे कोणतेही नाही.

कलम ५. वरचे वाक्य लिहून मी उठले, साच्याखालचा अर्ज काढला आणि सही केली. कानशी, मेण, दिवा, घासायचे यंत्र आणि सगळी हत्यारे भाचीची. दादाचे साचे तिने इथेच सोडून जावेत. तिथे जबडा स्वतः हजर आहे. हे कलम माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आज संध्याकाळी ती खोलीला कुलूप लावायच्या आत लागू होईल.

कलम ६. भाची जाणार म्हणजे कलम ३ मधली कवळी मलाच बसवावी लागणार. सेक्रेटरींना सोमवारी दहाला बोलावले आहे. जाताना त्यांनी माझा फॉर्मही न्यावा. 'पाठवणारे' या चौकोनात खूण केली आहे. वाक्य त्यांचे होते, म्हणून पटायला चौदा महिने लागले.

ठिकाण: कामाची खोली, तळमजला
दिनांक: ८ ऑक्टोबर २०२२, शनिवार

साक्षीदार:
१. दंतवैद्य, ज्यांच्यासाठी मी कवळ्या करते. (सही)
२. समोरची शिंपीण. काही वाचले नाही म्हणाली. डोळे पुसत म्हणाली. (सही)

लिहून ठेवणार:
(सही)
दात करणारी बहीण